जुन्या शिडाच्या बोटीचा बिघाड कसा शोधावा

मुंबईत बांधलेली सुहैली ही बत्तीस फुटांची सागवानी शिडाची बोट १९६४ च्या अखेरीस पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी तिच्यातून एकटेच इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तिथेच परतले. ही एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत होती आणि तीत नऊ जण उतरले होते. ती पूर्ण करणारे ते एकटेच. सुहैली काही त्या ताफ्यातली वेगवान बोट नव्हती आणि वाटेत तिच्यात बिघाडही पुष्कळ झाले. तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांनी समुद्रात उतरून सांधा नेमका कुठे उघडला आहे ते आधी पाहिले. मग त्यावर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याची पट्टी ठोकली. बॅटरी चार्ज करणाऱ्या छोट्या इंजिनाच्या मॅग्नेटोतली फट बसवायची होती, पण ती मोजायला गेज नव्हता. त्यांनी वहीची पाने मोजली. दोनशे पानांची जाडी एक इंच, म्हणजे एका पानाची जाडी इंचाच्या हजार भागांपैकी पाच भाग. त्या हिशोबाने फट बसली. या सफरीची कीर्ती धाडसासाठी आहे आणि ती रास्तच आहे. मला मात्र तिच्यात सर्वांत मोलाची वाटते ती रीत : आधी पाहायचे, मग मोजायचे, मग हात लावायचा. जुनी शिडाची बोट भरवशाची होते ती या रीतीमुळे. सुटे भाग बदलत सुटण्याने खिसा रिकामा होतो, पण बोटीवरचा विश्वास काही वाढत नाही.

जुन्या बोटीचा बिघाड फसवा का असतो, हे आधी समजून घ्यायला हवे. तीस-चाळीस वर्षांत बोटीचे मालक चार वेळा बदललेले असतात आणि प्रत्येकाने एखादी वायर ओढलेली, एखादा पाइप वळवलेला असतो. त्याचा नकाशा कुणाकडेच नसतो. त्यात खारे पाणी आणि दमट हवा रात्रंदिवस आपले काम करत असतात. तरीही इंजिन बंद पडले की नजर थेट इंजिनावर जाते. इंजेक्टर काढा, पंप बदला असे सल्ले सुरू होतात. पण जुने डिझेल इंजिन मुळात साधे यंत्र आहे. हवा न शिरलेले स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि सिलिंडरमध्ये दाबाने तयार होणारी उष्णता एवढ्यावर ते चालते. एकदा सुरू झाले की यांत्रिक पंपाच्या बहुतेक इंजिनांना चालू राहायला वीजसुद्धा लागत नाही. यातून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. नीट चालणारे इंजिन अचानक धापा टाकत बंद पडले, तर सिलिंडरचा दाब एका क्षणात गेला असण्याची शक्यता फार थोडी. डिझेल पोहोचले नसण्याची शक्यता मोठी. इंजिनाच्या ओतीव लोखंडापेक्षा त्याच्यापर्यंत येणाऱ्या वाटा आधी बिघडतात. अशा वाटा तीन : डिझेलची, पाण्याची आणि विजेची.

डिझेलची वाट टाकीपासून सुरू होते, आणि बहुतेक वेळा खोडही तिथेच असते. डेकवरच्या झाकणाचे जुने रबर कडक झाले की पावसाचे पाणी टाकीत उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते, आणि दोहोंच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. बोट धक्क्याला असेपर्यंत तो निवांत पडून राहतो. बाहेर लाटांत टाकी हिंदकळली की तो ढवळून फिल्टरमध्ये जातो आणि फिल्टर तुंबतो. इंजिन नेमके खवळलेल्या समुद्रात बंद पडते, त्यामागे दैव नसून हे साधे कारण असते. टाकीच्या बाजूच्या फिल्टरला पारदर्शक वाटी असेल तर निम्मे उत्तर तिच्यातच दिसते : तळाशी पाण्याचा थर, काळे कण, नाहीतर सतत वर येणारे बुडबुडे. बुडबुड्यांचा अर्थ वेगळा आहे. टाकी आणि पंप यांच्यामधल्या भागात डिझेल ओढले जाते, त्यामुळे तिथला सांधा ढिला असला तर चालू इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. गळती दिसत नाही म्हणून सांधे ठीक, हा समज इथेच चुकतो. फिल्टर बदलल्यावर हवा काढावी लागते, तेही शांतपणे. इंजिनावरच्या फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू एक-दोन आटे ढिला करायचा आणि पंपाची छोटी दांडी अंगठ्याने वरखाली करायची. आधी फेस येतो, मग तुटक बुडबुडे, मग सलग डिझेल. त्या क्षणी स्क्रू आवळायचा. दांडी हलते पण जोर लागत नसेल, तर पंप बिघडला असे लगेच ठरवू नये. इंजिन थांबताना पंपाचा कॅम पूर्ण वर राहिला की असे होते. इंजिन थोडे फिरवून पुन्हा दांडी मारली की पंप काम करू लागतो. हे माहीत नसल्याने चांगले पंप बदलले जातात.

पाण्याच्या वाटेचीही हीच तऱ्हा. समुद्राचे पाणी बुडाच्या व्हॉल्व्हमधून आत येते, गाळणीतून पंपात जाते, तिथला रबरी इंपेलर ते पुढे ढकलतो, हीट एक्स्चेंजर थंड करून ते एक्झॉस्टच्या धुरात मिसळते आणि बाहेर पडते. तापमानाचा काटा चढू लागला की आधी मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी किती येते ते पाहावे. पाणीच कमी असेल तर व्हॉल्व्ह, गाळणी, इंपेलर हा क्रम धरावा. गाळणीत अडकलेली प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा पुरेशी असते. इंपेलरची पाती तुटलेली निघाली तर नवा इंपेलर बसवून काम संपत नाही. तुटलेले तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेले असतात, आणि ते मोजून सगळे बाहेर काढेपर्यंत दुरुस्ती अपुरीच राहते. पाणी आणि धूर जिथे एकत्र येतात ते वळण काजळीने आणि मिठाने आतून अरुंद होत जाते. काळा धूर आणि घटलेली ताकद यांचे मूळ कधी कधी तिथे सापडते. आणखी एक धोका ध्यानात ठेवायला हवा. इंजिन सुरू होत नाही म्हणून सेल्फ मारत राहिले, की पंप प्रत्येक फेऱ्यात पाणी ढकलतो, पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटे सिलिंडरात शिरू शकते. लांब वेळ सेल्फ मारायचा असेल तर बुडाचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि इंजिन धरताच उघडावा. साध्या बिघाडातून इंजिन कायमचे गमावण्याची वाट इथून जाते.

विजेच्या वाटेवर डोळे पुरत नाहीत, मोजावेच लागते. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, तरी सेल्फ नुसताच खट् करतो. मग बॅटरी बदलतात, सेल्फ मोटर उतरवतात. पण विश्रांतीतल्या बॅटरीचे व्होल्टेज भाराखालच्या वायरीबद्दल काहीच सांगत नाही. सेल्फला २०० अँपिअर लागत असतील आणि गंजलेल्या टर्मिनलचा रोध अवघा एक शतांश ओहम असेल, तर दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. तो रोध शोधायचा सोपा उपाय आहे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवायचे आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्टेज वाटेत हरवते आहे. हीच मोजणी अर्थच्या बाजूनेही करायची, कारण बरेच दोष तिथे असतात आणि तिकडे सहसा कुणी पाहत नाही. नवी बॅटरी आणि नवी मोटर यांच्या खर्चापुढे दहा मिनिटांची ही मोजणी कितीतरी स्वस्त.

यावर पहिला आक्षेप असा की एवढी डोकेफोड करण्यापेक्षा नवे इंजिन बसवावे. ज्याला परवडते त्याने जरूर बसवावे, पण ते त्याच गाळ भरलेल्या टाकीला आणि त्याच गंजलेल्या वायरींना जोडले तर जुनेच दुखणे नव्या इंजिनाला लागेल. नवेपणा हे बिघाडावरचे कवच नव्हे. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली आयएनएसव्ही तारिणी फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. पुरती नवी, निगुतीने राखलेली बोट. तरी एप्रिल २०१८ मध्ये सुकाणूच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे तिला मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावे लागले. तो दुरुस्त करून त्या अधिकारी २१ मे २०१८ रोजी गोव्याला सुखरूप पोहोचल्या. समुद्र बोटीचे वय विचारत नाही. बिघाड ओळखून दूर करता येतो की नाही, एवढेच तिथे ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : वारा खडकांकडे ढकलत असताना क्रमाने तपास करायला वेळ कुठला? तो नसतोच, आणि म्हणून तेव्हा पहिले काम दुरुस्तीचे नाही. शिडाच्या बोटीला शीड आहे, नांगर आहे. आधी बोट सुरक्षित पाण्यात न्यावी किंवा नांगरावर थांबवावी, मग इंजिनाचे झाकण उघडावे. यासाठी बंदरात शिरतानाही शीड उभारण्याजोगे आणि नांगर सोडण्याजोगा तयार हवा. तपासाचा क्रमसुद्धा किनाऱ्यावर, निवांतपणी ठरवून ठेवायचा असतो. घाईत माणूस विचार करून वागत नाही, सवयीने वागतो. चांगली सवय आधीच लागलेली असावी एवढेच आपल्या हाती.

तिसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो, कारण तो या रीतीची हद्द दाखवतो. काही गोष्टी पूर्वसूचना न देता मोडतात. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस तारा वरून चकचकीत दिसतात, पण या पोलादाला गंजापासून वाचवणारा पातळ थर टिकायला प्राणवायू लागतो. तारेचे टोक जिथे दाबून बसवलेले असते तिथे, आणि डेकमधून आरपार जाणाऱ्या पट्ट्यांत, खारे पाणी साचून प्राणवायू संपतो आणि आतल्या आत भेगा पडतात. बुडाचे व्हॉल्व्ह साध्या पितळेचे असतील तर त्यातले जस्त झिजून निघून जाते. धातू गुलाबी दिसू लागतो आणि जोर लावला की तुटतो. इथे बिघाडाची वाट पाहणे म्हणजे डोलकाठी किंवा बोटच गमावणे. अशा गोष्टी ठरलेल्या वर्षांनी बदलाव्यात, दिसायला कितीही चांगल्या असोत. पण कोणता भाग खुणा देतो आणि कोणता देत नाही, हा भेदसुद्धा यंत्र समजून घेतल्यानेच कळतो. जो खुणा देतो त्याच्या खुणा वाचाव्यात, जो देत नाही तो वेळेआधी बदलावा.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पाण्याबाहेर काढून ठेवलेल्या बोटी पुन्हा पाण्यात येतात तो काळ या कामाला सर्वांत योग्य. टाकीच्या तळातले थोडे डिझेल बाटलीत काढून पाणी आहे का पाहावे, इंपेलर हातात घेऊन पाती वाकवून पाहावीत, प्रत्येक व्हॉल्व्ह उघडमीट करावा, सेल्फ मारताना व्होल्टेज मोजून आकडा वहीत लिहावा. तो आकडा पुढच्या वर्षी पुन्हा घेतला की वायर कुठे खराब होत चालली आहे ते इंजिन बंद पडण्याआधीच कळते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते तारखेसह नोंदवावे, म्हणजे पुढच्या मालकाला नकाशाशिवाय चाचपडावे लागणार नाही. चांगली बांधलेली जुनी बोट अजून पुष्कळ वर्षे समुद्रावर जाऊ शकते. भंगारात जाणाऱ्या अनेक बोटी मोडल्यामुळे जात नाहीत. काय मोडले हे कुणी नीट शोधले नाही म्हणून जातात. ती हानी टाळता येण्याजोगी आहे, आणि टाळण्यासाठी लागते ते एक मल्टिमीटर, पान्यांचा एक संच, एक वही आणि धीर.