ईसीयूची फाइल कशात उघडाल?

गाडीच्या ईसीयूमधून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातून, काढलेली फाइल उघडली की दिसतात नुसते हेक्स आकडे, ओळींमागून ओळी. इंधन किती सोडायचे, ठिणगी किती अंश आधी टाकायची, टर्बोचा दाब किती, याचे तक्ते त्यातच कुठेतरी दडलेले असतात. बहुतेक तक्त्यांच्या एका अक्षावर आरपीएम, दुसऱ्यावर इंजिनावरचा भार. कोणता तक्ता नेमका कुठे, हे सांगते ती व्याख्या-फाइल. त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नव्हेच. आपल्या ईसीयूच्या नेमक्या आवृत्तीची व्याख्या मिळते का, हा.

जुनी सुबारू असेल तर रोमरेडर फुकटात काम भागवते. ट्यूनरप्रो एक्सडीएफ व्याख्या वाचते. ती अचूक असेल तर हौशी माणसाला आणखी काय हवे! व्याख्याच नसेल तर जर्मनीतल्या ईव्हीसी कंपनीचे विनओएलएस. ते आकड्यांचे आलेख दाखवते आणि त्यांवरून तक्ते हुडकता येतात. पण ते महागडे, शिवाय शिकायला चिकाटी लागते.

मग येतो चेकसम. फाइलमधल्या ठरावीक बाइट्सवरून काढलेली ही पडताळणीची संख्या. तक्त्यातला एक आकडा बदलला आणि चेकसम जुनाच राहिला, तर अनेक गाड्या सुरूच होत नाहीत. विनओएलएससाठी चेकसमची मॉड्यूल वेगळी विकत घ्यावी लागतात. खरेदीआधीच चौकशी करा. चोरीच्या आवृत्तीच्या भानगडीत तर पडूच नका.

आणि काहीही बदलण्याआधी मूळ फाइलची प्रत दोन ठिकाणी जपून ठेवा.