मंगळावरचा रीबूट

२१ जानेवारी २००४ रोजी मंगळावरच्या ‘स्पिरिट’शी नीट संपर्क होईना. नासाची ही सहाचाकी गाडी तिथे उतरून जेमतेम अडीच आठवडे झाले होते. संदेश घेणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा केंद्रावर तेव्हा विजांसह पाऊस कोसळत होता, त्यामुळे पहिला संशय हवामानावर गेला. पाऊस थांबला, तरी स्पिरिटकडून कामाचे काही येईना.

दोन दिवसांनी तुटक माहिती हाती लागली आणि कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले अभियंते हादरले. गाडीचा संगणक स्वतःला रीस्टार्ट करत होता, पुन्हा बंद पडत होता, पुन्हा सुरू होत होता. साठाहून अधिक वेळा हे घडले होते. या धडपडीत गाडी रात्री झोपतही नव्हती आणि बॅटरी उतरत चालली होती.

आपोआप रीस्टार्ट होणे हा मुळात दोष नव्हे. मंगळावर बटण दाबायला कोणी नाही. पृथ्वीवरून धाडलेली आज्ञा पोहोचायलाच तेव्हा दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागत होता. म्हणून सॉफ्टवेअरला सावरता न येणारी चूक आढळली, की सगळे नव्याने सुरू करायचे, अशी तजवीज मुद्दाम केलेली असते. रॅम कोरी होते आणि बहुतेक वेळा गाडे रुळावर येते. मोबाइल हँग झाल्यावर आपण तो बंद करून चालू करतो, त्यामागे हेच आहे. पण रीस्टार्टने जे पुसलेच जात नाही, त्यातच बिघाड असेल तर?

स्पिरिटचा बिघाड नेमका तसा होता. वीज गेली तरी माहिती टिकवणारी तिची फ्लॅश मेमरी २५६ मेगाबाइटची होती. पृथ्वी ते मंगळ या प्रवासापासूनच्या असंख्य फायली तिच्यात साठल्या होत्या. या फायलींची यादी वापरासाठी रॅममध्ये घ्यावी लागे, आणि फाइल पुसली तरी यादीने अडवलेली जागा सुटत नसे. यादी फुगत गेली आणि एका क्षणी रॅम पुरेना. झाले, रीस्टार्ट! सुरू होताच संगणक पुन्हा फ्लॅश उघडायला जाई, तीच यादी रॅममध्ये घेऊ पाही आणि तिथेच आपटे. चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की जुन्या फायली पुसणारा छोटा प्रोग्राम काही दिवस आधीच पाठवला होता, पण त्याचा एक भाग पोहोचलाच नव्हता.

अशा दुखण्यात तपास करायचा कसा? सुरू होताच कोसळणाऱ्या प्रोग्रामला काही विचारायला सवडच मिळत नाही. म्हणून आधी चक्र तोडावे लागते. सुरू होताना संगणक सर्वांत आधी कशाकशाला हात लावतो ते पाहायचे आणि संशयित भाग वगळून त्याला उठवायचे. फ्लॅशला हातही न लावता, फक्त रॅमवर सुरू होण्याची एक आज्ञा स्पिरिटमध्ये होती. उड्डाणापूर्वी ज्यांनी ही पळवाट राखून ठेवली, त्यांच्या दूरदृष्टीला दाद द्यायलाच हवी. ती आज्ञा गेली आणि गाडी स्थिर झाली. मग सवडीने फायलींची छाननी झाली, आवश्यक माहिती उतरवून घेतली गेली आणि फेब्रुवारीत फ्लॅश फॉरमॅट करण्यात आली.

पृथ्वीवरच्या चाचण्यांत हे दिसले नव्हते, कारण इतके दिवस सलग फायली साठतील एवढी लांब चाचणीच झाली नव्हती. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली स्पिरिट पुढे मार्च २०१० पर्यंत संदेश पाठवत राहिली.