इसार देण्याआधी आगीचे कागद बघा

बिदर जिल्ह्यातल्या कोहिनूर, बसवकल्याण, भालकीकडची आपली पोरं पुण्या-मुंबईत नोकरीला लागतात आणि पोटाला चिमटा काढून फ्लॅट घेतात. पुढे तो विकायची किंवा कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवायची वेळ येते. बँकेचा वकील भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, म्हणजे फायर एनओसी, मागतो, आणि तिथंच घोडं अडतं.

‘खरेदीखत रजिस्टर झालंय, आता कसली भीती?’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो; इमारत सुरक्षित आहे, असं तो सांगत नाही. मुंबईत ताडदेवच्या ‘विलिंग्डन हाइट्स’ या ३४ मजली इमारतीत लोक वर्षानुवर्षं राहत होते. १७ ते ३४ या मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं आणि इमारतीला फायर एनओसीही नव्हती. जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते मजले रिकामे करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानंही तो आदेश कायम ठेवला. भोगवटा प्रमाणपत्र खालच्या मजल्यांपुरतंच असू शकतं, हे घर घेताना किती जण तपासतात?

‘एनओसी एकदा मिळाली की झालं’, हेही खरं नाही. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. बिल्डर केव्हाच निघून गेलेला असतो.

काही जण म्हणतात, ‘माझ्यापुरता दाखला काढून घेतो.’ तसा निघत नाही. कागद अख्ख्या इमारतीचा असतो. परदेशातही हेच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ साली ७२ माणसं गेली. त्यानंतर इंग्लंडमध्ये बाहेरच्या भिंतींच्या तपासणीचा ‘ईडब्ल्यूएस-१’ फॉर्म आला. तोही इमारतीचाच. तो नसल्यानं कित्येकांच्या फ्लॅटची किंमत बँकांनी शून्य धरली.

म्हणून इसाराचे पैसे देण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडून ताजा फॉर्म बी मागा आणि भोगवटा प्रमाणपत्रात कोणते मजले लिहिलेत ते स्वतः वाचा. मग जिन्यातली लाल पेटी उघडा. आत पाण्याच्या नळीऐवजी झाडू आणि जुन्या चपला दिसल्या, किंवा शेजारच्या आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्याखाली घसरलेला असला, तर इसार देऊ नका.