डोळे मिटून पाहावयाचें नाटक

आपल्या नाट्यशास्त्रानें अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं आंगिक म्हणजे अवयवांच्या हालचाली व आहार्य म्हणजे वेषभूषा हे दोन्ही काढून घेतले, तर नाटकांत काय उरेल? नभोनाट्यें ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीस हा प्रश्न नवा नाहीं. परंतु एका इंग्रजी विज्ञानकथेच्या निमित्तानें त्याचें जें उत्तर मिळालें, तें वाचकांस रंजक वाटेल.

बी. बी. सी.नें २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं ‘डॉक्टर हू’ ही माला दूरचित्रवाणीवर सुरू केली. तिचा नायक ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा प्रवासी. पोलिसांच्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या, बाहेरून लहान पण आंतून विस्तीर्ण अशा यानांतून तो त्रिकालांत संचार करतो. मरणकाळ समीप आला म्हणजे त्याचा कायापालट होऊन तोच नव्या चेहऱ्यानें उभा राहतो. त्यामुळें नट बदलले तरी कथा खुंटली नाहीं. १९८९ सालीं मात्र ही माला बंद पडली, आणि १९९६ सालच्या एका चित्रपटानेंहि ती पुनः चालू झाली नाहीं.

अशा वेळीं ‘बिग फिनिश’ या कंपनीनें रीतसर परवानगी घेऊन जुलै १९९९ मध्यें ‘द सायरन्स ऑफ टाइम’ ही पहिली श्रुतिका काढली. पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर व सिल्व्हेस्टर मकॉय हे पडद्यावरील तीन डॉक्टर तींत एकत्र आले. या मासिक श्रुतिकांचा क्रम पुढें २०२१ पर्यंत चालला. बहुतेक कथा जुन्या रीतीप्रमाणें चार भागांच्या, आणि भाग संपतांना श्रोत्याचा जीव टांगणीस लावणाऱ्या.

या सर्वांत कॉलिन बेकर यांची हकीकत विशेष मननीय आहे. १९८४ ते १९८६ या काळांत ते पडद्यावर डॉक्टर होते. त्यांच्या अंगावर नानारंगी ठिगळांचा असा भडक कोट चढविला होता, कीं नटानें तोंड उघडण्यापूर्वींच कोट बोलूं लागे! १९८५ सालीं माला कांहीं काळ स्थगित झाली, व १९८६ सालीं बेकर यांस दूर करण्यांत आलें. केवळ निरोपाच्या दृश्यासाठीं परत येण्यास त्यांनीं नकार दिला. तेव्हां १९८७ सालीं मकॉय यांनाच केसांचा टोप घालून त्यांच्या जागीं निजविण्यांत आलें.

श्रुतिकेंत कोट दिसत नाहीं. तेथें उरतो तो केवळ कंठ, आणि बेकर यांचा कंठ भारदस्त, मिस्किल व प्रसंगीं हृदय हेलावणारा आहे. ‘द मेरियन कॉन्स्पिरसी’ (२०००) या श्रुतिकेंत त्यांस ईव्हलिन स्माइथ ही इतिहासाची प्रौढ अध्यापिका भेटते. पडद्यावर डॉक्टरची सहचरी बहुधा तरुणी असे. ही बाई मात्र त्यास बरोबरीच्या नात्यानें चार शब्द सुनावते. मॅगी स्टेबल्स यांनीं ती भूमिका अशी वठविली आहे, कीं त्या दोघांचा वाद ऐकतांना आपल्याच शिक्षकखोलीची आठवण व्हावी. २०१५ सालीं ‘द लास्ट ॲडव्हेंचर’ या संचांत बेकर यांच्या डॉक्टरास अखेरचा निरोप मिळाला. आहार्यानें बुडविलेला नट वाचिकानें तारला, तो असा.

रॉबर्ट शिअरमन यांची ‘ज्युबिली’ (२००३) ही याहून गंभीर आहे. डालेक हा मालेंतला क्रूर शत्रु. परंतु मिरपुडीच्या डबीसारखा त्याचा आकार पाहून हसूं येतें. येथें लोकांनीं त्याची थट्टाच चालविली आहे, आणि एक डालेक बंदिवासांत छळ सोशीत आहे. क्रूर कोण, तो कीं त्याचे पहारेकरी, हा प्रश्न काळोखांतल्या त्या यांत्रिक आवाजांतून आपल्या अंगावर येतो. २००५ सालीं माला पडद्यावर परतली, तेव्हां शिअरमन यांनींच या कल्पनेवरून ‘डालेक’ हा भाग लिहिला. श्रव्यानें दृश्याचें ऋण असें फेडलें.

सर्वच श्रुतिका इतक्या सरस नाहींत. कित्येकींत पात्रें समोरच्या वस्तूंचें वर्णन परस्परांस उगाच ऐकवीत बसतात, आणि तेथें रसभंग होतो. शिवाय एकूण संख्या एवढी मोठी, कीं नवखा गोंधळून जावा. त्यानें ‘मेरियन’पासून आरंभ करावा, ‘ज्युबिली’ लहान मुलांस ऐकवूं नये. इंग्रजी बोलणें जलद आहे, म्हणून एका रात्रीं एकच भाग पुरे. भाग संपल्यावर घरांतल्या प्रत्येकास विचारावें, “तुला तें यान कसें दिसलें?” उत्तरें निरनिराळीं येतील, आणि त्यांतलें एकहि चूक असणार नाहीं.