वजन वाढण्यामागे विषाणूही असू शकतो का? मुंबईतल्या कोंबड्यांपासून सुरू झालेल्या शोधाची हकीकत

ताप आला, जुलाब झाले की माणूस चार दिवसांत उतरतो. गालफडं बसतात, कपडे सैल होतात, आणि घरातली वडीलधारी मंडळी पेज, मऊ भात भरवून अंग भरून आणायच्या मागे लागतात. संसर्ग म्हणजे वजन घटणं, हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की एखाद्या विषाणूने माणूस जाड होऊ शकेल असं कुणी म्हटलं तर हसूच येईल. पण गेली तीस-पस्तीस वर्षं काही शास्त्रज्ञ नेमका हाच प्रश्न विचारत आहेत, आणि तो गांभीर्याने विचारायला सुरुवात झाली ती मुंबईत.

डॉ. निखिल धुरंधर हे मुंबईत लठ्ठपणावर उपचार करणारे डॉक्टर. रुग्ण यायचे, आहार सांभाळायचे, वजन उतरायचं आणि काही महिन्यांत पुन्हा चढायचं. हा अनुभव अशा प्रत्येक डॉक्टरला असतो. १९८०च्या दशकात देशातल्या कुक्कुटपालनात एक विचित्र साथ आली आणि हजारो कोंबड्या मेल्या. पशुवैद्यकीय संशोधक एस. एम. अजिंक्य हे धुरंधर कुटुंबाच्या ओळखीचे. मेलेल्या कोंबड्या कापून पाहिल्यावर काय दिसलं ते त्यांनी बोलता बोलता सांगितलं: यकृत मोठं आणि फिकट, मूत्रपिंडं सुजलेली, आणि पोटात चरबीच चरबी.

बाकीचं सगळं ठीक, पण ही चरबी धुरंधरांच्या डोक्यातून जाईना. संसर्गाने मेलेला पक्षी हडकुळा असायला हवा, मग हा गुबगुबीत कसा?

मग निरोगी कोंबड्या घेऊन प्रयोग झाले. काहींना साथीतला विषाणू टोचला, काहींना नाही. खाद्य दोघांनाही तेच. ज्यांना विषाणू टोचला त्यांच्या पोटात चरबी जास्त भरली. आणखी एक गोष्ट दिसली, ती कुणाच्या अपेक्षेतच नव्हती. चरबी वाढली की रक्तातलं कोलेस्टेरॉलही वाढणार, असा आपला सर्वांचा समज. इथे ते उलट घटलं होतं. या विषाणूला अजिंक्य यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एसएमएएम-१’ असं नाव मिळालं. हा अ‍ॅडेनोव्हायरस कुळातला. याच कुळातले भाईबंद माणसाला सर्दी-खोकला, डोळे येणं आणि जुलाब देतात. कोंबड्यांवरचं हे काम १९९० साली मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या नियतकालिकात छापून आलं.

बावन्न माणसांच्या रक्ताची तपासणी

विषाणू पक्ष्यांचा असला तरी तो माणसाच्या संपर्कात येतो का, हे पाहायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. एखादा विषाणू शरीरात येऊन गेला की त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे कोविडच्या काळात सर्वांच्या तोंडी झालेल्या अँटिबॉडीज, रक्तात राहतात. मुंबईतल्या ५२ लठ्ठ व्यक्तींचं रक्त तपासलं तेव्हा १० जणांत एसएमएएम-१ विरुद्धच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला. हे दहा जण बाकीच्यांपेक्षा बरेच जाड होते. त्यांचं सरासरी वजन ९५ किलो, उरलेल्यांचं ८० किलो. आणि कोंबड्यांत दिसलं तसंच इथेही, जाड असूनही त्यांचं कोलेस्टेरॉल कमी.

यातून काही सिद्ध झालं का? नाही. बावन्न ही संख्या छोटी. शिवाय विषाणूमुळे वजन वाढलं की वजन जास्त असलेल्यांना विषाणू लवकर धरतो, हे अशा तपासणीतून कळत नाही. पण ज्या माणसाने कोंबड्या आणि माणसं या दोहोंत तेच चित्र पाहिलं, त्याला गप्प बसवत नाही हेही खरं. धुरंधर आपला जम बसलेला व्यवसाय सोडून अमेरिकेत गेले.

तिथे पहिलीच अडचण सरकारी. कोंबड्यांचा हा विषाणू देशात आणायला अमेरिकेच्या कृषी खात्याने परवानगी दिली नाही. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते योग्यच म्हणावं लागेल. साथीत कोंबड्या मारणारा परदेशी विषाणू कुठला देश मुद्दाम घरात घेईल? मग विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांच्यासोबत काम करताना माणसांत आढळणाऱ्या अ‍ॅडेनोव्हायरसमधूनच एक निवडायचं ठरलं. त्या वेळी असे पन्नासच्या आसपास प्रकार माहीत होते. त्यातला ३६ क्रमांकाचा, ‘एडी-३६’, उचलला गेला, कारण रचनेने तो इतरांपेक्षा वेगळा होता. हा विषाणू मूळ सापडला होता १९७०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत, जुलाब झालेल्या एका लहान मुलीच्या विष्ठेत.

आणि तो अंधारात मारलेला बाण लागला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसलं की एडी-३६ टोचलेल्या कोंबड्या आणि उंदरांच्या अंगात चरबी वाढते, तीही जास्त न खाता. तुलनेसाठी कोंबड्यांना दुसराच एक अ‍ॅडेनोव्हायरस दिला होता, त्याने काही झालं नाही. म्हणजे कुठलाही विषाणू टोचला की कोंबडी जाड होते, असं नव्हतं. पुढे माकडांवर काम झालं. मार्मोसेट जातीच्या छोट्या माकडांत विषाणू दिलेल्यांचं वजन न दिलेल्यांच्या तिप्पट वाढलं. ऱ्हीसस माकडांच्या बाबतीत तर कुणी काही टोचलंही नव्हतं. त्यांच्या रक्ताचे अनेक वर्षांचे नमुने गोठवून ठेवलेले होते. ते तपासून संसर्ग नैसर्गिकरीत्या कधी झाला ते काढलं, आणि त्यानंतरच्या दीड वर्षात वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढलेलं व कोलेस्टेरॉल घटलेलं आढळलं. आधी संसर्ग, मग वजन, हा क्रम इथे स्पष्ट दिसतो, म्हणून या सगळ्या मालिकेतला हा पुरावा जास्त वजनदार.

कणग्या वाढवणारा विषाणू

हे होतं कसं? आपल्या चरबीच्या पेशी म्हणजे धान्याच्या कणग्या समजा. जास्तीचं आलं की तिथे साठवायचं. शरीरात अशा काही कोवळ्या पेशी असतात ज्यांचं पुढे काय व्हायचं ते ठरलेलं नसतं. एडी-३६ अशा पेशींत शिरतो आणि त्यांना चरबीपेशी होण्याच्या मार्गाला लावतो. म्हणजे कणग्यांची संख्याच वाढते. शिवाय त्या पेशी रक्तातली साखर आणि स्निग्ध पदार्थ जोरात ओढून घेऊ लागतात. रक्तात फिरणारा माल कणगीत जातो, म्हणून रक्ताचा अहवाल चांगला दिसतो आणि पोट मात्र सुटतं. या सगळ्यामागे विषाणूचं एक प्रथिन आहे, ‘ई-४ ओआरएफ-१’ नावाचं.

सगळे विषाणू याच वाटेने जातात असंही नाही. १९८२ साली, म्हणजे मुंबईतल्या प्रयोगांच्याही आधी, कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू दिलेले काही उंदीर लठ्ठ झाल्याचं अमेरिकेत नोंदलं गेलं होतं. तिथे बिघाड मेंदूत होता, भूक सांभाळणाऱ्या भागाच्या आसपास. कुत्रा पाळणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. ते प्रयोगशाळेतले उंदीर होते आणि डिस्टेंपरची लस वेळेवर द्यायची ती कुत्र्याच्या जिवासाठी.

माणसांचं काय?

खरी गोम इथे आहे. माणसाला मुद्दाम विषाणू टोचून तो जाड होतो का ते बघत बसता येत नाही. त्यामुळे माणसांच्या बाबतीत पुरावा आहे तो रक्ततपासणीचा.

२००५ साली विस्कॉन्सिन, फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क इथल्या ५०२ जणांची तपासणी प्रसिद्ध झाली. लठ्ठ गटातल्या ३० टक्के लोकांत एडी-३६ ची प्रतिपिंडे होती, लठ्ठ नसलेल्यांत ११ टक्के. त्याच अभ्यासात जुळी भावंडंही होती. जुळ्यांपैकी एकाला संसर्ग होऊन गेलेला आणि दुसऱ्याला नाही, अशा जोड्या वेगळ्या काढल्या, तर संसर्ग झालेल्याचा बीएमआय सरासरी २४.५ आणि दुसऱ्याचा २३.१ निघाला. फरक थोडा आहे, पण घर तेच, आईबाप तेच, म्हणून दुर्लक्ष करण्यासारखा नाही. २०१० मध्ये अमेरिकेतच सॅन डिएगोच्या १२४ मुलांच्या अभ्यासात लठ्ठ मुलांपैकी २२ टक्क्यांत प्रतिपिंडे दिसली, इतरांत ७ टक्क्यांत. दक्षिण कोरियातल्या मुलांमध्येही असाच संबंध आढळला.

पण सगळीकडे तसं नाही. अमेरिकी सैन्यातल्या लोकांच्या तपासणीत जाड आणि सडपातळ दोन्ही गटांत प्रमाण जवळपास सारखंच होतं. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या प्रौढांतही संबंध दिसला नाही. सगळे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांचा कल ‘संबंध आहे’ याकडे झुकतो, मुलांमध्ये जास्त. तरीही संबंध म्हणजे कारण नव्हे. प्रतिपिंडे संसर्ग होऊन गेला एवढंच सांगतात, कधी झाला ते सांगत नाहीत. आणि एक गोष्ट नमूद करायलाच हवी: अ‍ॅटकिन्सन यांनी पुढे याच विषाणूची तपासणी करून देणारी कंपनी काढली. त्यामुळे त्यांचं संशोधन खोटं ठरत नाही, पण वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवून वाचावं.

साधा हिशेबही मांडून बघा. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले, आधीच्या पाहणीपेक्षा जास्त. हा सगळा आकडा एका विषाणूच्या नावावर टाकता येणार नाही. बैठी कामं, पाकिटातलं खाणं, तेल-साखर, झोपेचा बोजवारा, आनुवंशिकता, ही कारणं आहेतच. शिवाय पुष्कळ सडपातळ माणसांतही ही प्रतिपिंडे सापडतात आणि बहुतेक लठ्ठ माणसांत ती नसतात. ३० टक्क्यांचा आकडा खरा धरला तरी ७० टक्के उरतातच.

मग याचा आपल्याला उपयोग काय? एक म्हणजे, ‘खातोस किती ते बघ’ हे वाक्य जरा जपून वापरावं. तेच जेवण जेवणाऱ्या दोन भावांत एक सुटतो आणि एक काटकुळा राहतो, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं, आणि जाड असणाऱ्यावर मात्र खादाड, आळशी असा शिक्का सर्रास बसतो. वजन हा निव्वळ जिभेवरच्या ताब्याचा प्रश्न नाही, एवढं तरी या कोंबड्यांनी आणि माकडांनी दाखवलं आहे.

दुसरं, कोंबडी खाऊन कुणी जाड होईल ही भीती नको. चिकन खाल्ल्याने हा विषाणू लागून लठ्ठपणा येतो असं कुठल्याही अभ्यासाने दाखवलेलं नाही, आणि रटरट शिजलेल्या रश्श्यात अ‍ॅडेनोव्हायरस तग धरत नाही. रश्श्यावरच्या तेलाच्या तवंगाची गोष्ट वेगळी. माणसांमधले अ‍ॅडेनोव्हायरस खोकल्यातून, हातांतून, शौचानंतर न धुतलेल्या बोटांतून पसरतात. या कुळातल्या विषाणूंवर सॅनिटायझरचा परिणाम कमी होतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुणं बरं.

तिसरं, ‘लठ्ठपणाच्या विषाणूची तपासणी’ म्हणून कुणी पैसे मागू लागलं तर खिशात हात घालण्याआधी एकच विचारावं: अहवाल काहीही आला तरी उपचार बदलणार आहे का? आज तरी बदलत नाही. एडी-३६ वर बाजारात लस नाही, आणि संसर्ग होऊन गेलेल्यासाठी वेगळं औषधही नाही. आहार, चालणं, आणि गरज असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध किंवा शस्त्रक्रिया, वाट सर्वांना सारखीच.

या प्रश्नाचा निकाल लावेल असा प्रयोग कल्पनेत सोपा आहे: लस तयार करायची, अर्ध्या मुलांना द्यायची, अर्ध्यांना नाही, आणि पुढची काही वर्षं त्यांची वजनं मोजत राहायची. प्रत्यक्षात त्याला लागणारा पैसा आणि वेळ प्रचंड आहे. धुरंधर पुढे टेक्सास टेक विद्यापीठात पोषणशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्यांचं बरंचसं लक्ष आता विषाणूपेक्षा त्याच्या त्या एका प्रथिनाकडे वळलं आहे. विषाणू बाजूला ठेवून नुसतं ते प्रथिन उंदरांना दिलं, तर त्यांची रक्तातली साखर ताब्यात येते आणि इन्शुलिनवरचा भारही कमी होतो, असं दिसलं आहे. जाड करणाऱ्या विषाणूतून मधुमेहाचं औषध निघेल का, याची चाचपणी सध्या उंदरांवर चालू आहे.