पॉइंटर कोणाचा?

सकाळी ९.३०. रात्रीचा बिल्ड लाल. आमची भूमितीची लायब्ररी सी++ मध्ये, वापरणारे बहुतेक पायथनवाले, आणि दोघांना जोडणारा पायबाइंड११चा कोड आम्ही हाताने लिहीत नाही, स्क्रिप्ट लिहिते. काल कोणीतरी एका फंक्शनला टॉलरन्सचं आर्ग्युमेंट वाढवलं आणि डीफॉल्ट म्हणून नेमस्पेसमधल्या कॉन्स्टंटचं नुसतं नाव दिलं. स्क्रिप्टने ते जसंच्या तसं उचललं. नेमस्पेसबाहेर कंपायलर त्या नावाला ओळख देईना.

१०.१५. स्टँडअप. लांबली, नेहमीप्रमाणे.

११.००. स्क्रिप्ट लिबक्लँगने हेडर वाचते आणि हाती लागलेलं जिंजाच्या टेम्प्लेटात भरते. आता डीफॉल्टचे शब्द उचलण्याऐवजी ते नाव मुळात कुठे डिक्लेअर झालंय हे क्लँगलाच विचारायचं आणि नेमस्पेससकट पूर्ण नाव लिहायचं. बदल छोटा, टेस्ट त्याहून मोठी. ओपनसीव्हीमध्ये हेडर वाचायला त्यांचीच पायथन स्क्रिप्ट आहे, आणि सीव्ही_एक्सपोर्ट्स_डब्ल्यू, सीव्ही_रॅप अशा खुणा केलेलंच पायथनमध्ये जातं. ही शिस्त मला पटते. सरसकट सगळं उघडं केलं की पुढे काहीच मागे घेता येत नाही.

१.१५. डबा.

दुपारी २.००. मेशचा नवा क्लास. त्यातलं एक फंक्शन साधा पॉइंटर परत करतं. टीममध्ये नवी आलेली सहकारी खुर्ची ओढून बसली. "अरे, हा मोकळा कोण करणार?"

"हेडर काय म्हणतं?"

"काहीच नाही."

खरी मेख तीच. नावं, टाइप, कॉन्स्ट सगळं हेडरमध्ये असतं, मालकी नसते. फंक्शन साधा पॉइंटर देत असेल आणि आपण काही सांगितलं नाही, तर पायबाइंड११ मालकी पायथनकडे देतो. पायथनमधला शेवटचा संदर्भ गेला की ऑब्जेक्ट डिलीट. पण हा पॉइंटर तर मेशच्याच पोटातला! मेश स्वतः जाईल तेव्हा तीच मेमरी दुसऱ्यांदा सोडली जाणार, आणि प्रोग्रॅम भलत्याच ओळीवर कोसळणार. इथे रेफरन्स_इंटर्नल हवं: मालकी मेशचीच, आणि भाग वापरात असेतोवर मेशही जिवंत.

मग नियम केला. साधा पॉइंटर आहे आणि हेडरमध्ये मालकीची खूण नाही, तर स्क्रिप्टने एरर देऊन थांबायचं. मनाने ठरवायचं नाही. सी++वाले कुरकुरतील. कुरकुरू देत; ती खूण करायला लागणारं ज्ञान त्यांच्याकडेच आहे.

४.३०. मेशिंगला वेळ लागतो, म्हणून तिथे जीआयएल सोडायचा. मात्र प्रगती कळवणारा कॉलबॅक पायथनचा असतो, त्याच्याआधी जीआयएल पुन्हा घ्यायचा. ही खूणही हेडरमध्येच.

५.४५. जनरेट झालेला कोड आम्ही गिटमध्ये ठेवतो; सीआय तो पुन्हा बनवून ताडून बघतं. आजच्या डिफमध्ये मेशचा क्लास, पूर्ण नावाचा टॉलरन्स आणि स्टबमधल्या थोड्या ओळी. लिनक्स, मॅकची व्हील्स तयार झाली. विंडोजचं चाललंय. मर्ज उद्या.