जलजीवालयाची डबा गाळणी

घरगुती जलजीवालयातील पाणी टाकीबाहेर ठेवलेल्या बंद डब्यातून सतत फिरवून ते गाळणाऱ्या व जैव रीतीने शुद्ध करणाऱ्या साधनास डबा गाळणी म्हणतात. बाजारात ती ‘कॅनिस्टर फिल्टर’ या नावाने ओळखली जाते. टाकीच्या कडेवरून खाली उतरणारी एक नळी पाणी डब्यात आणते, डब्याच्या झाकणात बसविलेला लहान विद्युत् पंप ते दुसऱ्या नळीने परत टाकीत सोडतो. डबा सामान्यतः टाकीखालच्या कपाटात असतो. एहाइम या जर्मन कंपनीने १९६० नंतरच्या दशकात ही रचना प्रचारात आणली आणि तिचे मूळ स्वरूप आजही फारसे बदललेले नाही. गाळणी नवीन असताना किंवा साफसफाईनंतर ती पुन्हा सुरू करताना डबा व नळ्या यांतील हवा काढून त्या पाण्याने पूर्ण भराव्या लागतात. या क्रियेला पूर्वभरण (प्रायमिंग) म्हणतात. गाळणीविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका क्रियेतील चुकीत असते.

रचना व कार्य : डब्यात एकावर एक ठेवलेल्या जाळीदार टोपल्या असतात. पाणी प्रथम जाड स्पंजातून, नंतर सच्छिद्र चिनी मातीच्या नळकांड्यांतून वा काचेच्या कड्यांतून आणि शेवटी बारीक कापसातून जाते. स्पंजात विष्ठा, उरलेले अन्न व पानांचे तुकडे अडकतात. हे केवळ यांत्रिक गाळण होय. गाळणीचे खरे महत्त्व मधल्या थरात आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात आणि कुजणाऱ्या अन्नातूनही तो निर्माण होतो. पाण्याचे पीएच मूल्य ७ असताना २५° से. तापमानाला एकूण अमोनियापैकी सु. ०·६ टक्के भाग विषारी मुक्त स्वरूपात असतो, तर पीएच ८ असताना हे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक होते. अल्कधर्मी पाण्यात मासे अचानक दगावण्याचे हे एक कारण आहे. सच्छिद्र पृष्ठभागावर वाढणारे सूक्ष्मजंतू अमोनियाचे नायट्राइटात व नायट्राइटाचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटात रूपांतर करतात. ही दोन कामे दोन वेगळे जंतू करतात, हे सर्गेई विनोग्राड्‌स्की यांच्या १८९० च्या सुमाराच्या संशोधनापासून मानले जात होते व नायट्राइटाचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे पुस्तकांतून सांगितले जाई. गोड्या पाण्याच्या जलजीवालयांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो, असे १९९६–९८ मधील संशोधनाने दाखविले. पुढे २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणाऱ्या नायट्रोस्पायरा जाती सापडल्या. त्यांपैकी काही मत्स्यसंवर्धनातील जैव गाळणीतूनच मिळाल्या होत्या.

या जंतूंना ऑक्सिजन मोठ्या प्रमाणावर लागतो. अमोनियातील १ ग्रॅ. नायट्रोजनाचे नायट्रेट होण्यास सु. ४·५ ग्रॅ. ऑक्सिजन खर्च होतो. तो त्यांना वाहत्या पाण्यातूनच मिळतो. डबा बंद असल्याने त्यात हवा शिरत नाही. म्हणून गाळणीतील प्रवाह ही सोय नसून त्या जंतूंचा श्वासच होय.

पूर्वभरणाची आवश्यकता : डब्यावरील पंप केंद्रोत्सारी जातीचा असतो. त्याच्या पात्यांचे चक्र द्रव बाहेर फेकून दाब निर्माण करते व हा दाब द्रवाच्या घनतेच्या प्रमाणात असतो. हवेची घनता पाण्याच्या सु. १/८०० असल्याने, जो पंप पाणी १·५ मी. उंच चढवू शकतो, तोच हवेने भरलेला असताना जेमतेम २ मिमी. पाण्याच्या स्तंभाइतका दाब निर्माण करतो. टाकीची कड पाण्याच्या पातळीपेक्षा ५ ते १० सेंमी. उंच असते. तेवढे पाणी ओढून घेणे अशा पंपाला शक्य नसते. विहिरीवरील पंप सुरू करण्यापूर्वी शेतकरी त्यात बादलीने पाणी ओततो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. ‘पंपाने हवा धरली’ असे म्हणतात ते याच अर्थाने.

पंप पाणी टाकीपर्यंत ‘चढवतो’ हा समज मात्र बरोबर नाही. दोन्ही नळ्या भरल्यावर उतरणाऱ्या व चढणाऱ्या पाण्याचे स्तंभ एकमेकांना तोलून धरतात आणि पंपाला मुख्यतः नळ्या व गाळण-द्रव्ये यांतील घर्षणावर मात करावी लागते. त्यामुळेच १५–२० वॉटचा पंप तासाला काहीशे लिटर पाणी फिरवू शकतो. येणारी नळी ही सायफन म्हणजेच वक्रनलिका असून तिच्यातील पाणी गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली येते. पूर्वभरण म्हणजे वस्तुतः ही वक्रनलिका सुरू करून देणे होय. ती सुरू झाली, की उरलेले काम पाणी स्वतः करते.

कृती : डब्यात बसविण्यापूर्वी सर्व गाळण-द्रव्ये धुऊन भिजवून घेतात. कोरड्या चिनी मातीच्या छिद्रांत अडकलेली हवा नंतर तासन्‌तास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडत राहते. झाकणाखालचे रबरी कडे व त्याची खाच पुसून स्वच्छ करतात. वाळूचा एक कण राहिला तरी गळती होते. कड्यास सिलिकोन वंगणाचा पातळ थर देतात. खनिज तेलापासून बनविलेली वंगणे काही जातींचे रबर फुगवतात, म्हणून ती टाळणे इष्ट. झाकण लावण्यापूर्वीच डबा टाकीतील पाण्याने गळ्यापर्यंत भरून ठेवला, तर निम्मे काम तेथेच होते. अनेक माहितीपत्रकांत यावर भर दिलेला नसतो, पण हा उपाय सर्वांत खात्रीचा आहे.

डबा टाकीच्या तळापेक्षा खाली व सपाट जागी असावा. नळ्या आवश्यक तेवढ्याच लांब कापतात. सैल नळीत मध्येच पडलेला उंचवटा हवेला अडकून बसण्यास जागा देतो. शोषक नळीची जाळी वाळूच्या थोडी वर आणि पाण्यात पूर्ण बुडालेली हवी. परतीच्या नळीचे टोक या वेळी पाण्याबाहेर ठेवल्यास आतील हवेला विनाअडथळा मार्ग मिळतो. नंतर दोन्ही तोट्या उघडून झाकणावरील हातपंप किंवा दाबकळ काही वेळा दाबतात. डब्यातील हवा परतीच्या नळीने बाहेर जाते व तिची जागा घेण्यासाठी टाकीतील पाणी कड ओलांडून खाली येऊ लागते. येथे दाबणे थांबवावे. पाणी वाहू लागल्याचा व हवेचा खळखळाट काही वेळ ऐकू येतो, नंतर तो मंदावतो आणि परतीच्या नळीत पाणी चढू लागते. ते टाकीतील पातळीइतके चढून तेथेच थांबते. ही पूर्वभरण पुरे झाल्याची खूण होय. त्यानंतरच वीज जोडतात.

हातपंप नसलेल्या गाळणीत डब्याकडील तोटी बंद करून येणारी नळी वरच्या टोकाने तांब्याने भरतात, टोक बोटाने झाकून टाकीत बुडवतात आणि मग तोटी उघडतात. परतीच्या नळीला तोंड लावून पाणी ओढण्याची पद्धत रूढ असली, तरी ती त्याज्य आहे. टाकीच्या पाण्यात रोगकारक जंतू असू शकतात.

पंपाचे चुंबकीय चक्र पाण्यातच फिरते व पाणीच त्याचे वंगण व शीतक असते. कोरड्या अवस्थेत तो चालविल्यास आस व धारवे (बेअरिंगे) झिजतात. ५० आवर्तनांच्या विजेवर अशा समकालिक चलित्राचे द्विध्रुवी चक्र मिनिटाला ३,००० फेरे घेते. ते कोणत्याही दिशेने सुरू होऊ शकते आणि म्हणूनच साध्या पंपांत त्याची पाती सरळ असतात. सुरुवातीस काही मिनिटे खरखर व परतीच्या नळीतून बुडबुडे येणे स्वाभाविक आहे. डबा हलकेच दोन्ही बाजूंस कलवावा. तरीही आवाज राहिला, तर वीज अर्धा मिनिट बंद करून पुन्हा सुरू करतात. पंप थांबताच पात्यांभोवती जमलेली हवा वर निघून जाते.

दोष व त्यांचे निदान : गाळणीच्या निरनिराळ्या भागांत दाब वेगळा असतो, हे लक्षात घेतल्यास दोष शोधणे सोपे जाते. पाण्याच्या पातळीखाली १ मी. असलेल्या डब्यात दाब बाहेरच्यापेक्षा सु. ०·१ वातावरण जास्त असतो. त्यामुळे झाकण सैल असेल तर तेथून पाणी बाहेर येते, हवा आत जात नाही. याउलट टाकीची कड ओलांडणारी शोषक नळीची कमान पाण्याच्या पातळीवर असल्याने तेथील दाब वातावरणापेक्षा कमी असतो. तेथील जोडातील फट एक थेंबही गळू देत नाही, पण सतत हवा शोषते. पंप अधूनमधून गुरगुरत असेल व फरशी कोरडी असेल, तर दोष बहुधा वर असतो. झाकण उघडून कडे बदलत बसण्याचा खटाटोप तेव्हा व्यर्थ ठरतो. पाण्याची पातळी बाष्पीभवनाने उतरून जाळी उघडी पडली तरी हाच परिणाम होतो. महाराष्ट्रात एप्रिल–मे महिन्यांत हे विशेष घडते.

नळी निसटल्यास वक्रनलिका टाकी रिकामी करीत राहते. शोषक बाजूने पाणी जाळीच्या पातळीपर्यंतच उतरते. परतीच्या नळीचे टोक खोल बुडवलेले असल्यास तिच्यातूनही पाणी उलटे येते. पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली तिला लहान छिद्र पाडल्यास पातळी तेथपर्यंत उतरताच हवा आत शिरून प्रवाह तुटतो. विजेची तार खटक्याकडे वर जाण्यापूर्वी खाली झोळ पडेल अशी सोडतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली पडते. ३० मिलिअँपिअर गळतीला मंडल तोडणारा खटका बसविणे अत्यावश्यक समजावे.

वीजपुरवठा खंडित झाल्यानंतर : या स्थितीतील धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. पंप थांबल्यावर २८° से. तापमानाच्या ४ लि. पाण्यात जेमतेम ३० मिग्रॅ. ऑक्सिजन शिल्लक असतो व तो जंतू आणि कुजणारा गाळ यांच्यात लवकर संपतो. त्यानंतर निर्वातजीवी जंतू वाढतात, नायट्रेटाचे पुन्हा नायट्राइट होऊ लागते व क्वचित हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तयार होतो. वीज परत आल्यावर गाळणी आपोआप सुरू होऊन हे पाणी थेट माशांवर सोडते. ग्रामीण व निमशहरी महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे दररोज अनेक तासांचे भारनियमन असे. विजेअभावी नव्हे, तर वीज आल्यानंतर मासे मेल्याचा अनुभव अशा परिस्थितीत येऊ शकतो. खंड तास-दीड तासाचा असल्यास सहसा काही करावे लागत नाही. तो बराच लांबल्यास प्लग काढून ठेवतात. वीज आल्यावर डब्यातील पाणी फेकून देतात, गाळण-द्रव्ये टाकीतून काढलेल्या पाण्यात खंगाळतात आणि पूर्वभरण पुन्हा करतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने ती धुतल्यास उपयुक्त जंतूही मरतात आणि त्यांची वाढ पूर्ववत होण्यास नव्या गाळणीप्रमाणे चार ते सहा आठवडे लागू शकतात. या काळात माशांना अन्न कमी देतात व पाणी वारंवार अंशतः बदलतात.